बदललेलं कार्ड आणि ४७,५०० रुपये

एटीएमवर कार्ड बदलून पैसे काढतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेजारपाजारी सांगत फिरणारा मीच. तरी ४७,५०० रुपये गेले, खात्यात उरले ३६०.

रात्री साडेआठ, एसटी स्टँडजवळचं एटीएम. काढायला दोनदा १०,००० चा आकडा टाकला, मशीन दोनदा नाही म्हणालं. मागचा मुलगा म्हणाला, "काका, चिप पुसून घाला, होतं." त्याने कार्ड घेतलं, शर्टाला घासलं, परत दिलं. मी त्याच्या हातात दिलंच कशाला म्हणाल. पण मागे चार माणसं खोळंबलेली, घामाने बोटं ओली, त्या वेळी सुचत नाही हो. पुन्हा पिन टाकला (तो बाजूलाच उभा) तर म्हणे, चुकीचा पिन. सहा वर्षं तोच पिन, आणि मला वाटलं बोट घसरलं! हातातलं रुपे कार्ड त्याच बँकेचं, तसंच, बिननावाचं. शेवटचे चार आकडे वाचायला किती वेळ लागतो?

घरी आलो तर ८:४७ चा मेसेज, १०,००० काढले. इथे माझं अर्धवट ज्ञान नडलं. नोटा न येता खात्यातून रक्कम गेली तर बँकेने ५ दिवसांत परत करायची, उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम मला पाठ. म्हटलं, अडकलेला व्यवहार आहे, येतील. अहो, ८:४७ ला मी रिक्षात होतो! ती वेळ नीट वाचली असती तर दहा हजारांवर सुटलो असतो. फोन चार्जिंगला लावून जेवायला बसलो.

सकाळी आणखी पाच मेसेज. बाराच्या आत २५,००० वर दिवसाची मर्यादा संपली, तर १२:०४ पासून नवा दिवस धरून २२,५००. ही मर्यादा ॲपमधून कमी करता येते. आजच करा.

कार्ड बंद केलं, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. मग सुरू झाली वारी. बँक म्हणते पिन बरोबर पडला, म्हणजे चूक तुमची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर टाकलंय, हे दाखवलं तर साहेब चहाला गेले. पोलीस ठाणं म्हणतं सायबरला जा, सायबर म्हणतं कार्ड हातातून गेलं, ठाण्यात जा. पैसे निघाले दुसऱ्या बँकेच्या मशीनमधून. सीसीटीव्ही मागितलं तर ती बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात आधी बँकेचं आणा. चोराला देशातलं कुठलंही मशीन चालतं. आम्हाला मात्र प्रत्येक खिडकी वेगळी. तक्रार स्वतःच्याच बँकेत लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवस उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. माझा आज एकोणिसावा.

ते बदललेलं कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे. माझ्यासारख्याच कुणाचं तरी असणार. ठाण्यात पुढे केलं, तर हवालदार म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच."