रिकामी पाकिटं

परवा रात्री एका ओळखीच्या मुलाने मला जाहिरात पाठवली. "दादा, ही घेऊ का? आतलं सगळं अपग्रेड केलंय म्हणतोय." फोटोत निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, त्यावर एम ४ छापाची इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफल, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणारी खेळातली बंदूक, आणि शेजारी ओळीने मांडलेली सुट्या भागांची पाकिटं. फोटो मी लगेच ओळखला, कारण ती पाकिटं माझ्या टेबलाच्या खणात पडली आहेत.

त्याला फोनवर सांगितलं तेच इथे नीट लिहितो आहे. जपानमध्ये राहणारी आणि हा नाद नुकताच लागलेली बरीच मराठी मुलं आहेत.

मी टोकियोत, निशी-कासाईला राहतो. लहानपणी बंदूक म्हणजे दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आणि जत्रेतली फुगे फोडायची बंदूक, एवढीच माझी मजल. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने टोकियोशेजारच्या चिबातल्या एका मैदानावर नेलं आणि मी पार वेडा झालो. जपानीत याला सर्व्हायव्हल गेम म्हणतात, लाडाने 'साबागे'. झाडीत लपायचं, ६ मिमीचे प्लास्टिकचे छर्रे झाडायचे, लागला की प्रामाणिकपणे ओरडून बाहेर यायचं. लागलेलं कोणी मोजत नाही, सगळा खेळ विश्वासावर चालतो. कदाचित म्हणूनच माझी अक्कल तेव्हा थोडी सैल पडली असावी.

पहिले दोन महिने मैदानावरची भाड्याची बंदूक वापरली आणि रात्री-रात्री जागून ब्रँडचा अभ्यास केला. बॅटरीवर चालणारी ही बंदूक आणली तोक्यो मारुई या जपानी कंपनीने, १९९१ मध्ये, फामास या फ्रेंच रायफलच्या रूपात. आत छोटी मोटर, तीन गिअर, पिस्टन आणि स्प्रिंग. मोटर पिस्टन मागे खेचते, सुटला की हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. आजही बहुतेक कंपन्यांच्या एम ४ आणि एके या छापांच्या पेट्या, म्हणजे आतले गिअरबॉक्स, मारुईच्याच आराखड्यावर बेतलेल्या असतात, म्हणून एकाचे भाग दुसऱ्यात बसतात. 'बसतात' याचा अर्थ कानशीने थोडं घासून बसतात, असाही होतो.

मारुईची बाहेरची बॉडी साध्या मॉडेलमध्ये प्लास्टिकची. जुन्या एम ४ ची मान, म्हणजे नळी बॉडीला जोडते ती जागा, हलते, ही तक्रार सगळेच करतात. पण छर्र्याला उलटी फिरकी देणारं हॉप-अप आणि आतली नळी दुकानातून आणल्या दिवसापासून सरळ मारतात. २००७ मध्ये त्यांनी धक्का देणारी 'नेक्स्ट-जेन' मालिका आणली. ती हातात घेतली की खाली ठेववत नाही, पण तिची पेटी वेगळी, त्यामुळे बाजारातले भाग सरसकट लागत नाहीत. तैवानच्या जी अँड जी मध्ये किमतीच्या मानाने खूप काही मिळतं. तिथल्याच आयसीएसच्या पेटीचे वर-खाली दोन तुकडे होतात, म्हणून स्प्रिंग बदलणं सोपं. व्हीएफसी, तीही तैवानची, बाहेरून इतकी देखणी की काचेच्या कपाटात ठेवावी. चीनच्या सायमाच्या पोलादी एके स्वस्त आणि दणकट. एकूण माझं मत असं झालं की बाहेरून तैवान आणि आतून जपान, असं काही मिळालं तर सोनं.

आणि नेमकी तशीच जाहिरात समोर आली.

मार्च महिना होता. जपानमध्ये आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, बदल्या होतात, परदेशी लोक देश सोडतात आणि जाताना घरातलं सगळं विकतात. त्याला 'सायोनारा सेल' म्हणतात. माझा राइस कुकर अशाच सेलमधला आहे आणि अजून उत्तम चालतो. या माणसाने लिहिलं होतं: धातूची तैवानी बॉडी, आत मारुईची मूळ पेटी, प्रोमेथियस कंपनीची ६.०३ मिमीची पोलादी नळी, सगळे दात धातूचे असलेला पिस्टन, मॉस्फेट (ट्रिगरवरचा विजेचा भार स्वतःवर घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). सोबत सगळ्या भागांची पाकिटं, 'पुरावा म्हणून'. शिवाय वेगमापकावर छर्र्याचा वेग मोजतानाचा व्हिडिओ. किंमत ४८,००० येन. भागांच्या नव्या किमती मी कागदावर मांडल्या, तर बंदुकीसकट बेरीज ८० हजारांच्या वर जात होती. जाहिरातीच्या तळाशी 'नो क्लेम, नो रिटर्न' होतं, पण इथल्या जुन्या मालाच्या प्रत्येक दुसऱ्या जाहिरातीत ते असतंच, म्हणून डोळा त्यावरून सहज घसरला.

स्टेशनजवळच्या कॅफेत भेटलो. तो आपल्याकडचाच निघाला, हिंदी बोलत होता. कॉफीचे पैसे त्यानेच दिले. पुढच्या आठवड्यात विमान आहे, बायको आधीच गेली, आता हे सामान कुठे नेऊ, असं सगळं. कॅफेत बंदूक काढणं शक्यच नव्हतं. बॅगेची चेन अर्धी उघडून आत डोकावलो. बॉडी थंड, जड, अंगावर ठसठशीत मार्क. त्याने एक-एक पाकीट उलगडून दाखवलं. वर 'माझ्याकडून भेट' म्हणून पिशवीभर ०.२ ग्रॅमचे छर्रे दिले. "मॉस्फेट आहे, बिनधास्त ११.१ व्होल्टची बॅटरी लावा," असंही म्हणाला. मी घरी जाताना वाटेतच ११.१ ची लायपो बॅटरी घेतली. बंदूक किती रुपयांची पडली हे आईने फोनवर विचारलं, तेव्हा मी येन आणि रुपये यांच्यात जरा गोंधळ झाल्याचं नाटक केलं.

त्या कॅफेत मी त्याला एक प्रश्न विचारायला हवा होता: या पाकिटांतून निघालेले भाग याच बंदुकीत गेले, हे कशावरून? दागिन्याची डबी दाखवणारा दागिना दाखवतोच असं नाही. पाकिटं खरी होती. भागही खरे असतील, त्याच्या दुसऱ्या एखाद्या बंदुकीत.

रविवारी मैदानावर गेलो. सकाळी खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाची बंदूक वेगमापकासमोर धरावी लागते. कारण साधं आहे. २००५ च्या सुमारास जपानात कोणी कोणी बदल केलेल्या एअरगनने रस्त्यावरच्या गाड्यांवर छर्रे झाडले, तेव्हा २००६ मध्ये कायदा कडक झाला. ६ मिमीच्या छर्र्याला जवळजवळ ०.९९ ज्यूल ही वरची मर्यादा. त्यापुढे ती खेळणं राहत नाही, 'अर्ध-एअरगन' ठरते आणि ती जवळ बाळगणंच गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड. विकणाऱ्याने सांगितलं म्हणून घेतली, हे तिथे कितपत चालेल, हा विचार व्हिसावर राहणाऱ्या माणसाने मध्यरात्री करून बघावा. मी केला आहे.

मी भेटीतले छर्रे भरले आणि मारले. आकडा आला ९६, म्हणजे सेकंदाला ९६ मीटर. ०.२ ग्रॅमच्या छर्र्याचा हिशेब सोपा असतो, वेगाचा वर्ग करून १०,००० ने भागायचं. ९६ म्हणजे ०.९२ ज्यूल, एकदम नियमात. व्हिडिओतही ९६ च होता. मी खूश.

मैदानाच्या माणसाने विचारलं, "छर्रे किती ग्रॅमचे?"

"०.२."

त्याने दोन छर्रे बोटांत फिरवले, काही बोलला नाही, आणि आपल्या डब्यातले छर्रे माझ्या मॅगझिनमध्ये भरले. परत मारलं. ११८. पुन्हा ११८. तिसऱ्यांदा ११७.

११८ म्हणजे १.३९ ज्यूल.

जपानी माणूस ओरडत नाही. तो फक्त श्वास आत ओढून 'स्स्स' असा आवाज करतो. तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

घरी आल्यावर मी त्या भेटीतले १०० छर्रे मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. २० ग्रॅम भरायला हवे होते, भरले ३०. म्हणजे ०.३ ग्रॅमचे. छर्रा जड असला की वेग कमी दिसतो, ताकद तेवढीच राहते. व्हिडिओ खोटा नव्हता, आकडाही खोटा नव्हता, फक्त छर्रा दुसरा होता. इतकी साधी युक्ती, आणि मी स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. जत्रेतल्या बंदुकीची नळी वाकडी असते हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं.

त्या मैदानावर दर रविवारी येणारे पन्नाशीतले एक गृहस्थ आहेत. त्यांची हत्यारांची पेटी पाहून आपल्याकडच्या जुन्या घड्याळजीची आठवण येते. ते म्हणाले, आधी स्प्रिंग काढू, ही अशी घरी नेऊ नका. बाकावर कापड पसरून त्यांनी बॉडी उघडली, पेटी बाहेर काढली, आणि मला जवळ बोलावलं.

आधी त्यांनी गिअरच्या बेअरिंगवर बोट ठेवलं. मारुईच्या साध्या पेटीत ती ६ मिमीची असतात. इथे ८ मिमीची होती. म्हणजे पेटीच मारुईची नव्हे, कुठली तरी स्वस्त नक्कल. ८ मिमीची बेअरिंग वाईट नसतात, चांगल्या पेट्यांतही असतात, पण 'मूळ मारुई' हे शब्द तिथेच खोटे पडले. पिस्टन साधा प्लास्टिकचा, शेवटचा एकच दात धातूचा, आणि त्याच्या अलीकडचे दोन झिजलेले. नळी बाहेर काढली तर पितळी. पोलादी नळीचं पाकीट माझ्या बॅगेत होतं, ते मी काढून शेजारी ठेवलं. गृहस्थ गालात हसले, पण लगेच तोंड सरळ केलं.

मॉस्फेट तर नव्हताच. तारेवर काळी प्लास्टिकची नळी चढवून आत काहीतरी असल्यासारखा फुगवटा केला होता. तो कापला तर आत नुसता तारेचा वेटोळा. याचा परिणाम काय, ते ट्रिगरच्या दोन संपर्कपट्ट्यांवर दिसत होतं. मॉस्फेट नसला की बॅटरीचा सगळा प्रवाह त्या दोन पट्ट्यांतून जातो, दर वेळी ठिणगी पडते, पट्ट्या काळ्या पडत जातात. ११.१ व्होल्टवर हे फार लवकर होतं. पट्ट्या कोळशासारख्या झाल्या होत्या. कधीतरी त्या चिकटल्या असत्या, आणि बोट काढल्यावरही बंदूक चालूच राहिली असती.

आणि स्प्रिंग. एम १२० च्या जातीची. स्प्रिंगवरचा आकडा म्हणजे ढोबळमानाने ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला किती मीटर जाईल ते. जपानात त्या आकड्याच्या स्प्रिंगचं काहीच काम नाही. इथे ९० च्या आसपासची पुरते. बहुधा ती परदेशातून मागवलेल्या बंदुकीतली असावी. तैवानी बंदुका जपानी दुकानातून घेतल्या की त्या इथल्या मर्यादेत बसवून विकतात. स्वतः बाहेरून मागवली, किंवा अशा मागवलेल्या बंदुकीचे अवयव कोणी एकत्र शिवले, की हा धोका येतो.

तैवानी होती ती फक्त बॉडी. ती खरी होती. ब्रँडचं नाव बाहेर कोरलेलं असतं आणि आपण पैसे देतो आतल्या पेटीचे. दोन महिने मी ब्रँडची तुलना केली, आणि शेवटी ज्या वस्तूवर कुठलंच नाव नव्हतं ती विकत घेतली.

त्या दिवशी मी भाड्याच्या बंदुकीनेच खेळलो. वाईट खेळलो.

संध्याकाळी त्याला फोटो पाठवले. 'वाचलं' अशी खूण आली. तासाभराने उत्तर आलं: "भाई, नो क्लेम नो रिटर्न लिखा था ना." मी लिहिलं की कायद्याच्या बाहेरची वस्तू तू मला विकली आहेस. त्यानंतर खातंच नाहीसं झालं. पोलिसांकडे जायचं म्हणजे आधी स्वतःच्या घरात काय होतं ते सांगायचं. माझं धाडस झालं नाही. हे चूक असेल. कोणाच्या बाबतीत असं झालं, तर आधी जपानी जाणणाऱ्या माणसाला बरोबर घ्या आणि एखाद्या जुन्या दुकानात विचारा. मी ते केलं नाही.

पेटी मी टाकून दिली. स्प्रिंगचे पक्कडीने तुकडे केले. बॉडी ठेवली आहे, कधीतरी दुकानातून पावतीसकट पेटी घेऊन बसवीन. सध्या साधी मारुई वापरतो, प्लास्टिकची, मान जरा हलणारी. तिच्यात मी आजवर काहीही बदललेलं नाही, आणि ४० मीटरवर ती बरोबर मारते.

त्या मुलाला मी म्हटलं, जुनी बंदूक घ्यायलाच हवी तर जिथे वेगमापक आहे अशा ठिकाणी भेट, कॅफेत नको. छर्रे तुझे, त्यांचं पाकीट तुझ्या हाताने फोडलेलं. अपग्रेडचे पैसे मागत असेल तर तुझ्यासमोर पेटी उघडू दे, नाहीतर बिनअपग्रेडच्या जुन्या बंदुकीचाच भाव दे. आणि त्या पाकिटांचा विचारच करू नकोस, ती माझ्याकडे आहेत.

तो हसला. मग त्याने विकणाऱ्याला लिहिलं, 'रविवारी मैदानावर भेटू या का? माझे छर्रे घेऊन येतो.'

तीन दिवस झाले. 'वाचलं' अशी खूण आहे.