किराणा चांगला, मागच्या खोलीतल्या 'सेटलमेंट'ला १ स्टार

बोरिवली पश्चिमेचं दोन मजली सुपरमार्केट. नाव मुद्दाम घेत नाहीये, घेतलं तर परत वकिलाची नोटीस यायची आणि एक आली तेवढी पुरे झाली. खाली किराणा, भाजी, दूध-पनीर, वर कपडे, भांडी, कॉस्मेटिक. चार वर्षं आमचं महिन्याचं सामान तिथूनच यायचं. तांदूळ चांगला असतो, पनीर ताजं मिळतं, एमआरपीवर काही ना काही सूट असतेच, रविवारी संध्याकाळी बिलिंगच्या लाईनीत जीव जातो पण ते सगळीकडेच आहे. एवढंच लिहायचं असतं तर डोळे मिटून ४ स्टार दिले असते.

आधीच सांगते, चूक आमच्याच पोराची. १६ वर्षांचा आहे, अकरावीला. क्लासवरून येताना मित्रांबरोबर आत शिरला आणि ३४९ रुपयांचा डिओ बॅगेत टाकून बाहेर पडायला लागला. गेटवर बीप वाजलं, वॉचमनने धरला, मित्र पसार. (हेच मित्र गणपतीत आमच्याकडे मोदक हादडून गेलेले, असो.)

मला फोन आला तो मुलाच्या नंबरवरून पण बोलत होता दुसराच कोणीतरी. "मॅडम, आपका लडका चोरी करते पकडा गया है, पाँच हजार लेके आ जाओ, नहीं तो पुलिस में दे देंगे." मी अंधेरीला ऑफिसात होते. हातपायच गळाले, घाईत विरार लोकलमध्ये चढले आणि मधेच बोरिवलीला उतरते म्हणून लांब विरारपर्यंत जाणाऱ्या बायकांचं जे काय ऐकायचं ते ऐकून घेतलं, त्या दिवशी त्याचंसुद्धा काही वाटलं नाही.

वरच्या मजल्यावर ट्रायल रूमच्या मागे गोडाऊनला लागून एक खोली आहे. गिऱ्हाईकाला ती कधी दिसत नाही. आत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक टेबल, आणि भिंतीवर आधी पकडलेल्या लोकांच्या फोटोंच्या प्रिंटा चिकटवलेल्या. त्यात नऊवारीतल्या एक आजी पण होत्या, सत्तरीच्या तरी असतील, हातात पिशवी, कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. बाजूला बोर्ड, 'चोरी करताना सापडल्यास वस्तूच्या किमतीच्या १० पट दंड'. पोरगा दोन तास तिथे बसलेला, रडून डोळे सुजलेले, पाणी विचारलं नव्हतं कोणी. शर्ट वर करायला लावून तपासलेला. आणि एका कागदावर त्याच्याकडून लिहून घेतलेलं, हिंदीत, की मी आज चोरी केली आणि याआधीही केली आहे.

ते 'याआधीही' कशाला होतं ते मला पाच मिनिटांत कळलं. मी म्हटलं, १० पट म्हणजे ३४९० होतात, ५००० कुठून आले? फ्लोअर मॅनेजर म्हणतो, "पुराना भी तो है ना मॅडम, खुद लिखके दिया है." मुलगा मानेने नाही नाही म्हणतोय, पण सही त्याचीच. मग नेहमीची कॅसेट सुरू, पोलीस येतील, डोंगरीला पाठवतील, कॉलेजला कळवू, करिअर बरबाद. मुंबईतल्या आईला 'डोंगरी' एवढा एकच शब्द बास होतो, तिथलं बालसुधारगृह आम्ही लहानपणापासून धमकी म्हणूनच ऐकलेलं. मी पैसे दिले. कंपनीच्या क्यूआरवर नाही, त्याने सांगितलेल्या मोबाईल नंबरवर, आणि पाठवताना बँक खात्याचं नाव आलं ते चक्क एका माणसाचं. बिल मागितलं तर "इसका बिल नहीं बनता". 'स्वखुशीने रक्कम भरली' असं लिहिलेल्या कागदावर माझीही सही घेतली. डिओ माझ्यासमोर परत शेल्फवर नेऊन ठेवला, म्हणजे ५००० मोजून डिओसुद्धा आमचा नाही.

वाटलं विषय मिटला. पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर वकिलाच्या लेटरहेडवर पीडीएफ. आपल्या अशिलाचं नुकसान, सुरक्षेवरचा खर्च, मानसिक त्रास (दुकानाला मानसिक त्रास!), सगळं मिळून २५,००० रुपये ७ दिवसांत भरा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवाई. दिलेल्या ५००० चा त्यात उल्लेखच नाही. आमचे हे म्हणाले देऊन टाक आणि मोकळी हो. सासूबाईंना काही कळू दिलं नव्हतं, त्यामुळे बोलणं पण हळू आवाजात, किचनचा नळ चालू ठेवून.

माझा मावसभाऊ बोरिवली कोर्टात वकिली करतो. त्याला नोटीस पाठवली तर पहिलं वाक्य, "ताई, त्या खोलीतून फोन का नाही केलास?" मग त्याने जे समजावलं ते इथे लिहिते कारण त्या भिंतीवर बरेच फोटो होते.

तो बोर्ड म्हणजे कायदा नाही. दंड कोर्ट लावतं, फ्लोअर मॅनेजर नाही. दुकानाचं नुकसान झालं असेल तर ते दिवाणी दावा लावू शकतात, पण मग किती झालं ते सिद्ध करायला लागतं, आणि वस्तू जशीच्या तशी शेल्फवर परत गेली असेल तर नुकसान दाखवणार काय? वॉचमनचा पगार काय तुझ्या पोरामुळे सुरू झाला का, असं तो म्हणाला. परदेशात या वसुलीचा मोठा धंदा आहे म्हणे, दुकानाच्या वतीने एजन्सी किंवा वकील ठरलेल्या रकमेचं पत्र धाडतात. इंग्लंडात अशाच दोन मुलींवर १३७ पौंड ५० पेन्सचा दावा होता, तो ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाने २०१२ साली फेटाळला, कारण सिक्युरिटीवाले आपलं रोजचंच काम करत होते, मुलींमुळे वेगळा खर्च पडलाच नव्हता. अमेरिकेत मात्र राज्याराज्यांत त्यासाठी कायदेच आहेत, कॅलिफोर्नियात दुकानदार ५० ते ५०० डॉलर मागू शकतो, मूल अल्पवयीन असेल तर आईबापाकडून, आणि भरले म्हणजे फौजदारी केस टळली असंही नाही. पण तिथेसुद्धा, चारपाचशे डॉलर भरून आमचा सुधारण्याचा कोर्स करा नाहीतर पोलिसांत देतो असं म्हणणाऱ्या एका कंपनीला सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाने २०१७ मध्ये ही खंडणी आहे असं सुनावलं. आपल्याकडे दुकानदाराला १० पट घेऊ देणारा असा कायदाच नाही.

पोलिसांची भीती होती तिचं पण ऐका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम ३०३. चोरीचा माल ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. एवढ्या कमी रकमेची चोरी अदखलपात्र धरतात, पोलीस उठून लगेच अटक करू शकत नाहीत. आणि मूल १८ च्या आतलं असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा, लॉकअपमध्ये टाकता येत नाही, अशा किरकोळ प्रकरणात एफआयआर पण होत नाही, डायरीत नोंद करतात आणि आईवडिलांना बोलावतात. म्हणजे मी ज्या पोलिसांना घाबरून पैसे दिले ते आले असते तर आमचे ५००० वाचले असते!! पैसे द्यायचं अल्पवयीन मुलाने लिहून दिलं तरी तो करार धरत नाहीत, हे १८७२ च्या करार कायद्यापासून आहे, आणि माझी सही धाक दाखवून घेतलेली.

उलट दुकानावरच खंडणी आणि डांबून ठेवल्याची तक्रार करता येते, ३०८ आणि १२७ ही कलमं. पण तेही त्याने स्पष्ट सांगितलं की मग पोराचं प्रकरण पण पोलीस स्टेशनच्या टेबलावर येणार. मी नाही केली. चुकलं का बरोबर केलं ते अजून कळत नाही.

नोटिशीला मात्र गप्प बसायचं नाही म्हणाला. तीन परिच्छेदांचं उत्तर, स्पीड पोस्टने, एक कॉपी कंपनीच्या हेड ऑफिसला. वस्तू परत मिळाली आहे, नुकसानीचा हिशोब द्या, ५००० कोणाच्या खात्यात गेले त्याची पावती द्या, त्या दिवसाचं सीसीटीव्ही जपून ठेवा. फी घेतली नाही, पुरणपोळ्यांवर भागलं.

नोटीसवाल्या वकिलाचा त्यानंतर आवाज नाही. हेड ऑफिसहून मेल आला, आमच्या पॉलिसीत असा दंड बसत नाही, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. पैसे अजून आलेले नाहीत, मुलगा पॉकेटमनीतून मला महिन्याला ५०० परत करतोय, त्याचा तिसरा हप्ता झाला.

तुमच्या घरातलं कोणी असं सापडलं तर खोटं बोलू नका, वस्तू परत द्या नाहीतर एमआरपी भरून बिल घ्या, पोलिसांना बोलवा असं आपणच म्हणा, ११२ लावा, कशावर सही करू नका आणि कोणाच्या पर्सनल नंबरवर एक रुपया पाठवू नका. स्टाफमधले सगळेच तसे नाहीत, बिलिंगवरची एक मुलगी मला त्या दिवशी पाण्याची बाटली देऊन गेली, एक स्टार तिचा.

गेल्या आठवड्यात भिंतीवरून मुलाचा फोटो काढून टाकला का बघायला मी मुद्दाम त्या खोलीत गेले. काढलाय, चिकटपट्टीच्या खुणा राहिल्यात. आजींचा तसाच होता. मी म्हटलं तोही काढा. मॅनेजर म्हणाला, "वो आपका मॅटर नहीं है मॅडम."