शेंगेनची जोडफाइल आणि पुण्यातले व्हिसा एजंट: पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

डेक्कनपासून बाणेरपर्यंत आणि कॅम्पापासून विमाननगरपर्यंत ‘व्हिसा असिस्टन्स’च्या पाट्यांना तोटा नाही. शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, पॅकेज सगळीकडे साधारण तेच: फॉर्म भरणं, अपॉइंटमेंट घेणं, विमा, हॉटेल आणि तिकिटाचं बुकिंग, कव्हरिंग लेटर, फाइल लावून देणं. नवरा-बायको दोघंही पुण्यात नोकरीला, पगार बँकेत जमा होतो, रिटर्न वेळेवर भरलेले, अशी सरळ केस असेल तर यातलं बहुतेक काम दोन रविवारांत घरच्या घरी होतं. एजंटची खरी गरज लागते ती दोघांपैकी एकजण दुबईला, मस्कतला किंवा सिंगापूरला राहत असेल तेव्हा. आणि ही सेवा सगळ्यांत कच्ची आहे ती नेमकी तिथेच.

चांगला एजंट ओळखायचा तो पहिल्या प्रश्नावरून. ‘कधी जायचंय?’ असं विचारणारे पुष्कळ आहेत. ‘दोघं राहता कुठे?’ असं आधी विचारतो त्याच्यासमोर बसावं. शेंगेनचा अर्ज पासपोर्ट कुठला आहे यावर नाही, तर कायदेशीर वास्तव्य कुठे आहे यावर ठरतो. दुबईची रेसिडेन्सी असलेल्या माणसाने दुबईतूनच अर्ज करायचा. ‘गणपतीला येणारच आहात ना, दोघांचं इथूनच टाकू’ हा सल्ला पुण्यात सर्रास दिला जातो. नियमात त्याला एक फट आहे: ज्या देशात तुम्ही तात्पुरते पण कायदेशीररीत्या हजर आहात तिथूनही अर्ज करता येतो, मात्र राहत्या देशातून का केला नाही याचं समर्थन द्यावं लागतं. सुट्टीवर आलोय आणि इथून सोयीचं पडतं, एवढ्यावर ते समर्थन टिकेल अशी आशा धरू नये.

समजा अर्ज घेतलाच, तरी पासपोर्टचं काय? निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची, आणि जास्त तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रातून वकिलातीत जाण्या-येण्याचे दिवस वरचे. एवढा काळ पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो. तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या माणसाला परतीच्या विमानाआधी अर्ज मागे घेऊन पासपोर्ट सोडवावा लागला, तर भरलेले पैसे गेले.

म्हणून नवरा दुबईत आणि बायको पुण्यात असेल तर दोन ठिकाणी दोन अर्ज, पण एकाच देशाकडे. इथे एजंटने काय करायला हवं ते नीट समजून घ्या, कारण फी याच कामाची आहे. दोन्ही फाइलींत प्रवासाचा आराखडा शब्दशः तोच हवा. हॉटेलच्या प्रत्येक बुकिंगवर दोघांची नावं हवीत. लग्नाचा दाखला आणि जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत दोन्हीकडे जोडायची. जोडीदाराचा अर्ज कुठे आणि कधी होतोय, हे कव्हरिंग लेटरमध्ये स्पष्ट लिहायचं आणि त्याच्या अपॉइंटमेंटची पावती मागे लावायची. दोन्ही अपॉइंटमेंट शक्यतो एकाच आठवड्यात घ्याव्यात. एकीचा व्हिसा हातात येऊन दुसऱ्याची तारीखच न मिळणं, हा या प्रकारातला नेहमीचा घोळ.

दुबईच्या फाइलीत एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशाचं ओळखपत्र, लागतो, आणि युरोपातून परतल्यावर रेसिडेन्सीची किमान तीन महिने मुदत शिल्लक असावी लागते. नूतनीकरण जवळ आलं असेल तर आधी ते उरका. बायकोच्या नावावर नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपची रेसिडेन्सी असेल पण ती बरेच महिने पुण्यातच असेल, तर आणखी एक गोष्ट तपासायची: सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ अमिरातीबाहेर राहिलं की साधी रेसिडेन्सी रद्द ठरते, गोल्डन व्हिसाला, म्हणजे तिथल्या लांब मुदतीच्या रेसिडेन्सीला, ही अट नाही. रद्द झालेल्या कार्डावर दुबईतून अर्ज करण्यात अर्थ नाही. तिची फाइल पुण्यातून, आणि इथे राहण्याचा पुरावा जोडून.

आणखी एक फरक बहुतेक एजंट सांगतच नाहीत. १८ एप्रिल २०२४ ला युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी सवलतीचा नियम आणला: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक-प्रवेश व्हिसा देता येतो, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा, पासपोर्टची तेवढी मुदत उरली असेल तर. पण ही सवलत भारतात राहून भारतातून अर्ज करणाऱ्यांना आहे. दुबईवाल्याला नेहमीची पायरी लागू: दोन वर्षांत तीन व्हिसे वापरल्यावर एक वर्षाचा, मग दोनाचा, मग पाचाचा. त्यामुळे सगळे प्रवास बरोबरीने केलेल्या जोडप्यातही बायकोला दोन वर्षांचा व्हिसा आणि नवऱ्याला जेमतेम सहलीपुरता, असं होऊ शकतं. त्यात कुणाची चूक नसते.

आता देश कुठला निवडायचा ते. जिथे सर्वांत जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडमध्ये चार, इटलीत तीन आणि विमान पॅरिसला उतरणार, तर फ्रान्स. एजंटांची एक आवडती युक्ती असते: ज्या देशाचा स्लॉट मोकळा दिसतो तिथे खोट्या रात्री दाखवायच्या, व्हिसा आला की बुकिंग रद्द करून मनाप्रमाणे फिरायचं. आराखडा आणि तिकीट जुळत नसेल तर प्रवासाच्या हेतूबद्दलची माहिती विश्वासार्ह नाही असा शेरा बसतो, आणि तो शेरा एजंटच्या नाही, तुमच्या नावावर राहतो. ‘डमी तिकीट’ही त्याच पठडीतलं. खरं, पण रद्द करता येणारं बुकिंग चालतं. दोन दिवसांत आपोआप उडणारा पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) तपासणीच्या दिवशी जिवंत नसेल तर पंचाईत.

अपॉइंटमेंटसाठी वेगळे हजारो रुपये मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. अर्ज केंद्रांची अपॉइंटमेंट विकत मिळत नसते. काही देशांचं सेवाशुल्क बुकिंग करतानाच आगाऊ घेतलं जातं, एवढंच. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. मे महिन्यातली सहल असेल तर डिसेंबर-जानेवारीतच स्लॉट बघायला लागा. पुण्यात व्हीएफएसचं, म्हणजे वकिलातींच्या वतीने अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचं, केंद्र आहे, पण सगळ्या देशांचे अर्ज तिथे जात नाहीत. स्पेनचं काम तर भारतात बीएलएस या दुसऱ्या कंपनीकडे आहे. त्या-त्या देशाचं पान उघडून आधी खात्री करा.

शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढ माणशी ९० युरो आहे, जोडप्याचे १८०, रुपयांत भरायचे, आणि नकार आला तरी परत न मिळणारे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. एजंटकडून पावती घेताना हे दोन आणि त्याची स्वतःची फी, असे तिन्ही आकडे सुटे लिहून घ्या. ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा सांगितला की त्यातला वाटा कुणाचा किती, ते कळत नाही. केंद्रातला प्रीमियम लाउंज, एसएमएस, कुरिअर हे सगळं ऐच्छिक. कुरिअर उपयोगाचं आहे, लाउंज म्हणजे निव्वळ सोफा. निर्णयावर त्याचा काडीचाही परिणाम नाही, कारण निर्णय केंद्र घेतच नाही, वकिलात घेते.

कागदपत्रांत पुणेरी फाइली अडकतात त्या नावांवर. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तिकीट काढताना ते गाळलं जातं, विम्यावर लागतं, हॉटेलवर नुसतं आडनाव. त्यातून आधारवर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं असेल तर एकच बाई कागदावर दोन होतात. सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, अक्षरागणिक. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून ती आधी करून घ्या. लग्नाचा अल्बम आणि पत्रिका तिची जागा घेत नाहीत.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. स्टुडिओत नुसतं ‘व्हिसाचा’ म्हटलं तर अमेरिकेचा दोन इंची चौकोनी फोटो हातात पडतो.

पैशांचं एकच सांगायचं. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात एकदम चार लाख आले की ते शेजाऱ्याचे की मुदतठेव मोडून आलेले, हे कागदाने सिद्ध करावं लागतं. ठेव मोडली असेल तर बँकेची पावती लावा. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही हवी. गृहिणी असेल तर नवऱ्याचं खर्च उचलण्याचं पत्र, त्याचे रिटर्न आणि स्टेटमेंट तिच्या फाइलीतही स्वतंत्र लावायचं. ‘मिस्टरांच्या फाइलीत आहे’ हे खिडकीवर चालत नाही, आणि मिस्टरांची फाइल दुबईत असेल तर मुळीच नाही. धंदा असेल तर गुमास्ता आणि जीएसटी नोंदणी, निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद.

विमा निदान ३० हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा. हा एजंटकडून घेण्याची काही गरज नाही, विमा कंपनीच्या संकेतस्थळावर तो लगेच मिळतो.

बोटांचे ठसे ५९ महिने चालतात. त्या मुदतीत पूर्वी दिले असतील तर फॉर्ममध्ये जुन्या व्हिसाचा क्रमांक आणि तारीख भरा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मात्र स्वतः हजर राहावंच लागतं. ‘तुम्ही यायची गरज नाही’ असं सांगणारा एजंट तिथेच सोडून द्यावा.

पासपोर्ट परत आला की पाकीट उघडून स्टिकर वाचा. वैधतेच्या तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तारखांमध्ये बहुधा १५ दिवस जास्तीचे दिसतात, पण राहायचं मात्र दिवसांच्या रकान्यात लिहिलंय तेवढंच. मध्ये लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं असेल आणि प्रवेश एकच मिळाला असेल तर परतीचं दार बंद. ही मागणी अर्जातच करावी लागते, आणि ब्रिटनचा व्हिसा त्याला जोडून दाखवावा लागतो.

नकार आला तर छापील फॉर्मवर कारणांपुढे खुणा असतात. दाद मागायची सोय देशागणिक वेगळी; जर्मनीने १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय बंद केली, त्यामुळे तिथे कोर्ट किंवा नवा अर्ज. खुणेला उत्तर देणारा नवा कागद नसेल तर नवा अर्ज म्हणजे आणखी ९० युरो. आणि तो करायचा तर आधी काय जमा केलं होतं ते हाताशी लागतं. म्हणून भरलेल्या फॉर्मची आणि कव्हरिंग लेटरची स्कॅन प्रत एजंटकडून सही करण्याआधीच मागून घ्या. देत नसेल तर सही करू नका.