ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी : आठ महिने वापरल्यावर

उपवास कडकडीत असतो आणि उत्साह दांडगा. उलटं करून ‘दांडगा उपवास’ म्हटलं, तर व्याकरणाची चूक काढता येत नाही, पण पहिलीतलं पोरही हसेल. इंग्रजीत हा कान मला नव्हता. मी मराठी माध्यमात शिकले; आता सेमी-इंग्रजीच्या सातवीची वर्गशिक्षिका आहे आणि प्रगतिपुस्तकात मुलांच्या स्वभावाबद्दल इंग्रजीत शेरे लिहिते. वर्षानुवर्षं सगळ्यांना ‘व्हेरी’ लावत आले. व्हेरी शाय, व्हेरी ऑनेस्ट. ४१ मुलं आणि शेरे चार.

जूनमध्ये हा कोश घेतला, २००९ची दुसरी आवृत्ती. यात अर्थ शोधायला जाऊ नका. इथे शब्दाची सोबत, म्हणजेच कोलोकेशन, मिळते : नाम काढलं की त्याला कुठली विशेषणं लागतात, कुठली क्रियापदं, कुठलं प्रेपोझिशन. जवळच्या अर्थाचे शब्द एका गटात, दोन गटांमध्ये उभी रेघ. ‘अ‍ॅटिट्यूड’नंतर बहुतेक वेळा ‘टू’ किंवा ‘टुवर्ड्स’ येतं, हे मला इथे कळलं. मी सरसकट ‘अबाउट’ लिहीत होते. (आपल्याकडे तर ‘त्याला फार अ‍ॅटिट्यूड आहे’ म्हणजे शिष्टपणाच. इंग्रजीत तो चांगलाही असतो.)

विशेषणांपाशी मी सगळ्यात जास्त रमले. ‘इंडिपेंडंट’च्या आधी ‘फिअर्सली’ (शब्दशः उग्रपणे) दिसलं तेव्हा वाटलं, ही तक्रार असणार. तसं नाही, कुणावर विसंबून न राहणाऱ्या माणसाबद्दल ते बहुतेक वेळा कौतुकानं म्हणतात. आणि ‘पेनफुली शाय’. लाजाळू मुलगी म्हणजे गुणी मुलगी, असं आपण सहज म्हणून जातो. या दोन शब्दांत तिला होणारा त्रास आहे. माझ्या वर्गात अशी एक मुलगी आहे. शेऱ्यात मी ते लिहिलं नाही, पण त्या दिवसापासून तिला अचानक उभं करून धडा वाचायला लावणं बंद केलं. आता ती बाकावर बसून शेजारणीला वाचून दाखवते.

उणीव मात्र मोठी आहे. एका गटातल्या शब्दांमधली छटा कोश सांगत नाही. परीक्षेला न घाबरणाऱ्या एका मुलाबद्दल मी पहिल्या सत्रात ‘कॅज्युअल अ‍ॅटिट्यूड’ लिहिलं. मनात होतं ‘निवांत’, वाचलं गेलं ‘बेफिकीर’. त्याची आई प्रगतिपुस्तक घेऊन शाळेत आली, डोळ्यांत पाणी. मी माफी मागितली, तिच्यासमोर शब्द खोडून ‘रिलॅक्स्ड’ लिहिलं आणि सही केली.

सोबतची सीडी माझ्या उपयोगाची नाही, लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.

शब्दसंग्रह बरा असेल आणि जोडताना अडत असेल, तर जरूर घ्या. अगदी नवशिक्यानं आधी अर्थ देणारा साधा कोश घ्यावा. माझ्या टेबलावर आता दोन्ही असतात : यातून शब्द निवडते, त्यात अर्थ बघते, मगच पेन उचलते. एका शेऱ्याला पाच मिनिटं जातात.