फळा, कार्ड की वर्गातला कांदाबाजार? प्रथम वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र कसं शिकवावं

सोलापुरात प्रथम वर्ष बी.ए.-बी.कॉम.चा ऐंशी जणांचा वर्ग हाती असेल, तर फळा-खडूचं व्याख्यान, कार्डावरचे प्रश्न आणि वर्गात भरवलेला बाजार यांत निवड करावी लागते. एकच बदल शक्य असेल तर कार्डं घ्या. बाजार सत्रात एकदाच भरवा.

व्याख्यानाला उगाच नावं ठेवू नयेत. लवचिकतेची सूत्रं, समवृत्ती वक्र, खर्चाचे वक्र यांना फळाच लागतो, आणि पेपरात नावं दिलेली आकृती काढल्याशिवाय गुण पडत नाहीत. गोची अशी की मुलं आकृती पाठ करतात. प्रश्न जरा फिरवून विचारला की अडतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास झाले. विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. ते अभ्यास विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताचे होते, त्यामुळे आकडा अर्थशास्त्राला जसाच्या तसा लावू नये.

कार्डांना खर्च जवळपास नाही. प्रत्येकाकडे अ, ब, क, ड अशी चार कार्डं. प्रश्न असा हवा: ‘मार्केट यार्डात कांद्याची आवक निम्म्यावर आली, भाव चढला, लोक कमी कांदा घेऊ लागले. मागणी वक्र कुठे सरकला?’ बरेच जण ‘डावीकडे’ म्हणतात. खरं तर तो जागचा हलत नाही. सरकतो पुरवठ्याचा वक्र, मागणीत होतो तो संकोच, म्हणजे त्याच वक्रावर भाव वर आणि नग कमी. दोन मिनिटं गप्प विचार, मग सगळ्यांची कार्डं एकदम वर. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर पुन्हा शिकवा, ७० च्या वर असतील तर पुढे चला. मधल्या पट्ट्यात शेजाऱ्याशी तीन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या. कार्डं एकदम वर आली नाहीत तर मुलं पहिल्या बाकाकडे बघून हात उचलतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

बाजाराला तयारी जास्त. सोळा जणांचा एक गट, आठ ग्राहक, आठ विक्रेते. ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर कमाल किंमत किलोमागे ३४, ३२, ३० अशी २० रुपयांपर्यंत. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर खर्च १२, १४, १६ असा २६ पर्यंत. प्रत्येकाचा एकच सौदा, तोट्यात करायचा नाही, चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. सिद्धांताप्रमाणे भाव २२ ते २४ मध्ये, सहा सौदे, एकूण आधिक्य (प्रत्येक सौद्यात ग्राहकाची कमाल किंमत वजा विक्रेत्याचा खर्च, सगळ्यांची बेरीज) ७२ रुपये. पहिल्या फेरीत भाव भरकटतो. त्याच चिठ्ठ्यांवर आणखी दोन-तीन फेऱ्या घ्या. यार्डातल्या लिलावात बोली व्यापारीच लावतात, इथे दोन्ही बाजूंनी ओरडायचं, आणि प्रत्येक सौद्याचा भाव लगेच फळ्यावर लिहायचा. ही पायरी गाळू नका. अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गातल्या प्रयोगात सौदे खाजगीत झाले आणि भाव समतोलाला, म्हणजे मागणी-पुरवठा जुळतात त्या पातळीला, आले नाहीत. पुढे अर्थतज्ज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी बोली उघड केली, फेऱ्या वाढवल्या, आणि भाव समतोलाकडे आले. स्मिथ यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

शेवटच्या फेरीत २७ रुपयांचा किमान भाव लावा. आठही विक्रेते तयार, ग्राहक मात्र चारच. उरलेला माल कुणी उचलायचा, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. ऐंशी जणांचे पाच गट केले तर गोंगाट होणारच. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त फसतं ते पुढच्या तासाला. त्याच चिठ्ठ्यांवरून प्रत्येकाने वहीत मागणी-पुरवठ्याचे पायऱ्यांसारखे वक्र काढले नाहीत, तर बाजार हा नुसता खेळ होतो आणि पेपरात फायदा शून्य.

घरी व्हिडिओ, वर्गात गणितं हा चौथा मार्गही आहे. मोहोळ-अक्कलकोटहून एस.टी.ने येणारी मुलं व्हिडिओ पाहून येतीलच असं नाही. सुरुवातीला पाच गुणांची चाचणी ठेवणार असाल तरच त्या वाटेला जा.