बागेतल्या आगगाडीला कपलर कोणता लावावा? हुक-कडी, कारखान्याचा नकल की केडी

एलजीबी कंपनीचे तीन-चार डबे, सेकंडहँड मिळालेल्या अ‍ॅरिस्टो-क्राफ्टच्या दोन वाघिणी (मालडबे) आणि बॅकमनचं एक इंजिन. बागेत रूळ टाकून चालवायची मॉडेल आगगाडी बहुतेकांकडे अशीच हळूहळू जमते. रूळ सगळ्यांना एकच चालतात, ४५ मिलिमीटरचे. अडतं ते डबे एकमेकांना जोडताना, म्हणजे कपलरपाशी. एकाला वाकडा हुक, दुसऱ्याला मुठीसारखा मिटणारा जबडा (नकल, इंग्रजीत knuckle), आणि दोघांची उंचीही वेगळी.

खोक्यावर ‘जी स्केल’ लिहिलेलं असलं तरी त्यावरून कपलरबद्दल काहीच कळत नाही. ४५ मिमी रुळांवर निदान चार प्रमाणं (खऱ्या गाडीच्या कितव्या भागाएवढं मॉडेल) धावतात. मीटर गेजची गाडी १:२२.५ मध्ये केली की हे रूळ तिला बरोबर बसतात. एलजीबीने १९६८ मध्ये सुरुवात केली ती याच प्रमाणात. अमेरिकेतल्या तीन फुटी रुळांच्या गाड्यांना १:२०.३ लागतं, प्रमाणित रुंदीच्या गाड्यांना १:३२. अ‍ॅरिस्टो-क्राफ्ट आणि यूएसए ट्रेन्स यांनी १:२९ घेतलं. खऱ्या अमेरिकन मालगाडीचा कपलर रुळापासून साधारण साडेचौतीस इंचांवर, म्हणजे ८७६ मिमीवर असतो. १:३२ मध्ये तो २७ मिमीवर येतो, १:२९ मध्ये ३० वर. हे नुसतं हिशेबातलं अंतर झालं. त्यात पावसाने खचलेली खडी आली की गाडी तुटायला तेवढं पुरतं.

पुण्याच्या कोथरूडमधल्या जोशींच्या संग्रहालयात ज्यांनी छोट्या गाड्या पाहिल्या असतील त्यांना १:८७ ची सवय असते. तिथे डबा तळहातावर मावतो. इथे एकेक डबा अर्ध्या मीटरचा असू शकतो आणि पंधरा डब्यांचं ओझं चढावर पहिल्या कपलरवर येतं. म्हणून दिसण्यावर निवड करू नका. तुमच्या बागेतलं सगळ्यात घट्ट वळण किती त्रिज्येचं आहे, आणि तुम्हाला शंटिंग (डबे सोडवून, हलवून पुन्हा जोडणं) करायचं आहे की गाडी नुसती फिरत ठेवायची आहे, या दोन उत्तरांवर निम्म्याहून जास्त निर्णय होतो.

हुक आणि कडी

एलजीबीची ही जोडणी दिसायला खेळण्यातली आहे, हे मान्य करूनच पुढे जायचं. एका डब्याचा हुक दुसऱ्याच्या कडीत खालून अडकतो. एलजीबीचं सगळ्यात घट्ट वळण ६०० मिमी त्रिज्येचं. त्यावर विनातक्रार चालणारी दुसरी जोडणी मला माहीत नाही. कपलर बोगीलाच (डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या सांगाड्याला) जोडलेला असल्यामुळे वळणावर तो रुळाबरोबर वळतो, आणि कडी रुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंना खेळायला जागा असते.

बहुतेक डब्यांना कारखान्यातून एकाच टोकाला हुक येतो. त्यामुळे दोन त्रास होतात. डबा उलट दिशेने ठेवला तर कडीसमोर कडी येते आणि जोडणीच होत नाही. शिवाय उंचसखल रुळावर एकटा हुक निसटू शकतो. दोन्ही टोकांना हुक लावले की हे दोन्ही प्रश्न सुटतात. सुटा हुक स्वस्त असतो आणि तो बसवायला पाच मिनिटं पुरतात. लहान मुलं डबे उचलतात, पुन्हा ठेवतात, त्या घरात मी डोळे झाकून हेच सुचवेन. तोटे दोनच, पण ठळक: डब्यांमधली फट मोठी दिसते, आणि दुहेरी हुक सोडवताना दोन्ही खाली दाबावे लागतात.

कारखान्याचा नकल कपलर

एली जॅनी यांनी १८७३ मध्ये ज्या कपलरचं पेटंट घेतलं त्याचीच ही नक्कल. त्याआधी अमेरिकेत कडी आणि पिन वापरत, आणि ती हाताने अडकवताना ब्रेकमन लोकांची बोटं जात. १८९३ च्या कायद्याने आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले. आपल्याकडच्या वाघिणींना आणि एलएचबी डब्यांना असलेला सीबीसी (मधोमध बसणारा सेंटर बफर कपलर) याच घराण्यातला. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांच्या मध्ये शिरून मळसूत्र फिरवणारा माणूस ज्यांनी फलाटावरून पाहिला आहे, त्यांना या शोधाची किंमत वेगळी सांगायला नको.

१:२९ च्या डब्यांसोबत येणारे प्लास्टिकचे नकल दिसायला चांगले असतात, वेगळे विकत घ्यावे लागत नाहीत, आणि एकाच कंपनीची सगळी गाडी असेल तर चालतातही नीट. अडचण सरमिसळीत येते. वेगवेगळ्या कंपन्यांचे जबडे हाताने एकमेकांत बसवता येतात, पण आकार आणि उंची थोडी थोडी वेगळी असल्यामुळे हलकं ढकलून आपोआप जुळतील याचा भरवसा नाही. लांब गाडी चढावर ओढताना काहींचा जबडा उघडतो. त्याहून जास्त वेळा एक कपलर दुसऱ्याच्या खालून सरकतो. तेव्हा कपलरवर राग काढण्याआधी रुळावर लेव्हल ठेवून पाहा. खचलेल्या सांध्याखाली खडी भरली की पुष्कळदा दुखणं तिथेच बरं होतं.

अ‍ॅरिस्टो-क्राफ्ट २०१३ च्या अखेरीस बंद झाली. त्यांचे डबे जुन्या बाजारात भरपूर मिळतात आणि ते घेण्यासारखेही आहेत. पण मोडलेल्या कपलरला बदली सुटा भाग दुकानात मिळेलच असं नाही. असा मोठा गठ्ठा घेणार असाल तर पुढचा भाग लक्ष देऊन वाचा.

केडी

कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांनी सुरू केलेली ही ओरेगॉनमधली कंपनी मूळची छोट्या मापांच्या कपलरसाठी प्रसिद्ध. मोठ्या मापात त्यांचे दोन आकार आहेत: थोराड जी आणि त्याहून लहान एक-नंबरी. १:२९ आणि १:३२ च्या डब्यांवर लहान आकार अधिक खरा दिसतो. तरीही बागेसाठी मी जी आकार घेईन. त्याचा जबडा उंच असतो, त्यामुळे रूळ थोडा खाली-वर झाला तरी पकड सुटत नाही. घरात, सपाट फळीवर गाडी चालवणाऱ्याने खुशाल लहान घ्यावा.

केडीचं खरं सुख शंटिंगमध्ये आहे. जबड्याखाली लोंबणारी वाकडी धातूची पिन असते. रुळांच्या मध्ये लोहचुंबक बसवायचं, त्यावर डबे आणून गाडी किंचित मागे घ्यायची, म्हणजे ताण सुटतो, पिना बाजूला ओढल्या जातात आणि जबडे उघडतात. मग तोच डबा पुन्हा न जुळता हवा तिथपर्यंत ढकलत नेता येतो आणि सोडून देता येतो. हात न लावता यार्डात डबे लावण्याचा हा आनंद हुक-कडीत नाही.

मात्र चुंबक मुख्य मार्गावर कधीही बसवू नका. गाडी त्यावरून जाताना क्षणभर ताण सुटला तरी ती दुभंगू शकते. चुंबकाची जागा यार्डातल्या बाजूच्या रुळात. आणि तीच पिन जरा खाली आली तर सांध्याच्या बेचक्यात किंवा वर आलेल्या खडीत अडकते. कंपनी उंची मोजायचं गेज विकते, ते टाळण्यासारखं नाही. ज्यांना डबे हातानेच सोडवायचे आहेत त्यांनी पिन सरळ कापून टाकावी.

खर्चाचं म्हणाल तर प्रत्येक डब्याला दोन कपलर लागतात. त्यामुळे वीस डबे बदलायचे म्हटलं की हिशेब एका चांगल्या डब्याच्या किमतीच्या पुढे सहज जातो.

बोगीवर की डब्याच्या तळाला?

कंपनीच्या नावापेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो. बोगीवर लावलेला कपलर वळणाबरोबर फिरतो, म्हणून घट्ट वळणं जमतात. पण गाडी मागे ढकलताना सगळा जोर बोगीच्या टोकावर येतो, बोगी तिरकी होते आणि चाक रुळावर चढतं. डब्याच्या तळाला लावलेल्या कपलरमध्ये जोर सरळ डब्याच्या सांगाड्यातून जातो आणि बोगीला फक्त रूळ धरून चालायचं काम राहतं. लांब गाडी मागे ढकलायची असेल तर यासारखं दुसरं काही नाही.

त्याची किंमत वळणात मोजावी लागते. डब्याचं टोक वळणावर बाहेर फेकलं जातं आणि त्याच्याबरोबर कपलरही. ५० फुटी वाघीण १:२९ मध्ये साडेबावन्न सेंटिमीटर भरते. ८५ फुटी प्रवासी डबा ८९ सेंटिमीटर. छोट्या वाघिणीशेजारी असा लांब डबा जोडला की तो तिला वळणावर रुळाबाहेर खेचतो. म्हणून साधारण दीड मीटर त्रिज्येच्या आत मी तळाला कपलर लावायच्या भानगडीत पडणार नाही. लांब प्रवासी डबे असतील तर एलजीबीच्या आर-५ एवढं, म्हणजे सुमारे २.३ मीटर त्रिज्येचं वळण हवं. प्लास्टिकच्या चाकांऐवजी धातूची चाकं घातली की वजन खाली जातं आणि दोन्ही पद्धतींत डबा जास्त स्थिर चालतो.

कडी-पिन आणि मळसूत्री जोडणी यांचा विचार त्या त्या काळाची, त्या त्या देशाची गाडी हुबेहूब करणाऱ्यांनीच करावा. १८८० च्या कोलोरॅडोतल्या गाडीवर कडी-पिन फार देखणी दिसते, पण प्रत्येक जोडणीला वाकावं लागतं. मळसूत्री जोडणीबरोबर बफर येतात, आणि घट्ट वळणावर ते एकमेकांत अडकतात.

मग घ्यावं काय?

वळणं ६०० मिमी ते १.२ मीटरची असतील तर दुहेरी हुक-कडी, आणि दिसण्यात मन अडकवू नका. वळणं मोठी आहेत पण गाडी नुसती फिरवायची आहे, आणि डबे एकाच कंपनीचे आहेत, तर कारखान्याचे नकल राहू द्या. दीड मीटरच्या पुढे वळणं आहेत आणि यार्ड मांडलं आहे, तर जी आकाराचा केडी, डब्याच्या तळाला. वळणं या दोन्हींच्या मधली आणि डबे सरमिसळीचे असतील तर केडीच, पण बोगीवर लावायचा.

सगळे डबे एकदम बदलायचीही गरज नाही. एका वाघिणीच्या एका टोकाला जुनी जोडणी ठेवा, दुसऱ्या टोकाला नवी लावा, आणि ती दोन गटांच्या मध्ये जोडा. पहिल्या खरेदीत उंचीचं गेज, इंजिनाच्या मागच्या टोकासाठी एक कपलर आणि तीन छोट्या वाघिणींपुरती सामग्री घ्या. ती गाडी सगळ्यात घट्ट वळणावरून आधी ओढून आणि मग ढकलून न्या. स्प्रिंगा बसवायचं काम घरात, टेबलावर पांढरं कापड पसरून करा, कारण गवतात पडलेली स्प्रिंग पुन्हा सापडत नाही.