डीसी प्लस प्लसमध्ये पर्यायी सोर्स शोधणं: आठ महिने वापरल्यावर

डीसी प्लस प्लस म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरवरून थेट फायली घ्यायचा आणि द्यायचा प्रोग्राम, आणि सोर्स म्हणजे ती फाईल ज्याच्याकडे आहे तो माणूस. मी हे लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फायली) आणि कॉपीराइट संपलेल्या जुन्या रेकॉर्डिंगसाठी वापरतो, त्यामुळे क्यूमधल्या (डाउनलोडच्या रांगेतल्या) अर्ध्या फायलींना सोर्स म्हणून एकच माणूस असतो आणि तो बरोबर ९०-९५ टक्क्यांवर ऑफलाईन जातो, मग दोन आठवडे पत्ता नाही.

पहिले दोन महिने मी काय करायचो, तर नाव सर्चमध्ये टाकायचं, मिळेल त्याच्याकडून फाईल परत शून्यापासून उतरवायची. नुसता येडेपणा. क्यूमध्ये फाईलवर राइट क्लिक केलं की पर्यायी सोर्स शोधायचा ऑप्शन तिथेच असतो, मी कधी बघितलाच नव्हता. तो नावावर जातच नाही, टीटीएचवर (टायगर ट्री हॅश) जातो. हॅश म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा. म्हणजे फाईलचे १०२४ बाईटचे तुकडे, प्रत्येकाचा टायगर हॅश, मग जोड्या लावत लावत वर एकच हॅश उरतो, ३९ अक्षरांचा. एकदा माझी अडकलेली फाईल दुसऱ्याकडे "नवीन फोल्डर २" मध्ये "ट्रॅक०७" नावाने पडलेली सापडली. नावाने जन्मात मिळाली नसती! राहिलेला भाग तिथून आला आणि फाईल व्यवस्थित चालली.

सेटिंगमध्ये हे आपोआप करायचा टिकमार्कही आहे, तो लावून ठेवा. फक्त सारखं सारखं हाताने सर्च मारू नका, बऱ्याच हबवर (जिथे सगळे जोडले जातात तो सर्व्हर) दोन सर्चमध्ये ठरावीक सेकंदांचं अंतर लागतं, घाई केली की हब मेसेज टाकतं, एका हबने तर मला बाहेरच काढलं.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो कनेक्शनमुळे. मी पॅसिव्ह मोडवर होतो, म्हणजे बाहेरून कोणी माझ्याशी कनेक्शन सुरू करू शकत नव्हतं, आणि पॅसिव्ह पॅसिव्हला जोडलंच जात नाही, दोघांपैकी एकाला तरी बाहेरून कनेक्शन घेता यायला पाहिजे. म्हणजे फाईल चार जणांकडे असेल आणि त्यातले तीन पॅसिव्ह असतील तर मला दिसणार एकच, आणि मी इकडे म्हणतोय सोर्सच नाहीत! राउटरवर पोर्ट उघडून अॅक्टिव्ह झालो त्याच रात्री सहा महिने कुजलेल्या दोन फायली पूर्ण झाल्या. त्यामुळे कोणी सोर्स मिळत नाही म्हणून रडत असेल तर मी आधी हेच विचारतो. अर्थात नेटवाला सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) देत नसेल तर पोर्ट उघडूनही उपयोग नाही.

अजून एक, सोर्सने फाईल शेअरमधून (इतरांसाठी खुल्या ठेवलेल्या फोल्डरमधून) हलवली की तो तुमच्या यादीतून उडतो. नंतर त्याने परत ठेवली तरी बऱ्याचदा राइट क्लिक करून तो सोर्स परत जोडावा लागतो, हे मला पाचव्या महिन्यात कळलं. आणि सोर्स सापडला म्हणजे स्लॉट (त्याच्याकडून डाउनलोड करायची मोकळी जागा) मिळालाच असं नाही, तिथे वाट बघत बसण्याशिवाय इलाज नाही.

या पद्धतीची खरी अडचण म्हणजे फाईल बाईट टू बाईट तीच पाहिजे. गाणं तेच, आवाज तोच, पण कोणी एमपीथ्रीच्या टॅगमध्ये गायकाचं स्पेलिंग नीट केलं की हॅश बदलला, मग ती दुसरीच फाईल. मी अशा लोकांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्यात, टॅग सुधारायची एवढी काय हौस वगैरे.

मागच्या महिन्यात हबवर एकाने मेसेज केला, तुझ्याकडून एक फाईल घेत होतो, ८० टक्के झाली आणि अचानक सोर्स गेला, काढलीस का? मी म्हटलं नाही रे, इथेच आहे. मग आठवलं, आदल्या रात्री बसून मी अख्ख्या फोल्डरचे टॅग नीट केले होते. नशीब बॅकअपला मूळ कॉपी होती, ती परत शेअरमध्ये टाकली, हॅशिंग व्हायला थोडा वेळ गेला आणि त्याचं डाउनलोड पुढे सरकलं. आता टॅग केलेल्या कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, शेअरला हात लावत नाही.